दुसरी किल्ली

पगार हातात येतो एकवीसशे.
नेमणुकीचं पत्र मी उलटूनही पाहिलं,
मागच्या बाजूला अजून काही लिहिलं असेल म्हणून.

बुटांचा कारखाना बंद झाला तेव्हाच जोसीला म्हटलं होतं,
जिथे पोरं कधी संपत नाहीत अशा गावात जाऊ.
ओहायोत तशी गावं बरीच. हे त्यातलं एक,
नदी, टेकडी, आणि टेकडीवर विद्यापीठ,
लग्नातल्या उंच पाहुण्यासारखं, सगळ्या फोटोंत.

पहिला घरमालक म्हणाला,
चार पोरं मिळून अठ्ठावीसशे देतात मला.
तुम्ही दोघी.
वाक्य तिथेच ठेवून तो गाडीत बसला.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, मान्य,
पण इथे आधी अंथरूण पाहायचेच पन्नास डॉलर,
परत न मिळणारे.

शेवटी प्रूइटबाईंचं तळघर.
साडेनऊशे, पाणी धरून.
खिडकीतून माणसं गुडघ्यापर्यंतच दिसतात:
सप्टेंबरात सपाता, नोव्हेंबरात बूट,
शनिवारी सामना असला की एकाच रंगाचे शेकडो मोजे.
जोसी म्हणते, आई, ह्या गावाला तोंडच नाही.

मी किल्ल्या कापते.
प्रयोगशाळांच्या, वाचनालयाच्या, वसतिगृहांच्या,
कुलगुरूंच्या खाजगी जिन्याची एक.
पहिल्या दिवशी ऑरव्हिल म्हणाला,
पितळेचा वास घरी येईल तुझ्याबरोबर, साबणाला भीत नाही तो.
आला. पावाला येतो, उशीला येतो,
जोसीच्या केसांची वेणी घातली की तिथेही.

इथे सगळे वीस वर्षांचे.
दर ऑगस्टला मी एका वर्षाने वाढते,
ते वीसच.

आणि मे महिन्यात गाव रिकामं होतं एका आठवड्यात,
रस्त्याच्या कडेला गाद्या, दिवे, अर्धी सायकल,
एकदा तर चालू फ्रिज, आत लोणी.
ऑरव्हिलच्या ट्रकमधून आम्ही एक टेबल आणलं.
पाय डगमगत होता, म्हणून स्क्रू आवळायला खाली वाकले,
तर फळीच्या पोटाला पेनाने लिहिलेलं:
आईला अजून सांगितलेलं नाही.
एवढंच.
जोसीला दाखवलं नाही. त्याच टेबलावर तिचं बीजगणित चालतं.
तीन वर्षं नोकरी झाली की मुलांना निम्मी फी,
तेवढ्यासाठीच तर हे सगळं.
एक वर्ष आणि दोन महिने झालेत.

जानेवारीत रात्री दोनला फोन.
पोरगा टॉवेलवर, दाराबाहेर, अनवाणी,
खाली बर्फ पडतंय.
कुलूप उघडेपर्यंत दातांवर दात आपटत त्याने विचारलं,
तुम्ही इथल्याच का?
हो म्हटलं.
त्याच दिवशी भाडं भरलं होतं, तेव्हा खोटंही नव्हतं.

जुन्या गावात पाच घरांच्या किल्ल्या होत्या माझ्याकडे
आणि माझी तिघांकडे.
इथे आल्या आल्या सवयीने दुसरी किल्ली कापली
आणि लक्षात आलं, ती ठेवायला माणूस लागतो.
वर्षभर दोन्ही माझ्याच खिशात,
चालताना एकमेकींवर वाजत.

वरच्या मजल्यावर एफ्राइम राहतो, टॉलिव्हर आडनावाचा.
आठ वर्षं शेवाळावर प्रबंध लिहितोय,
आता स्वतःच जरा हिरवट दिसायला लागलाय.
नाताळच्या सुट्टीत जिन्यात थांबला, मान खाली,
आणि म्हणाला, आठवड्यातून दोनदा बशीत पाणी,
फार नको, शेवाळ गुदमरतं,
आणि हातावर किल्ली ठेवली.

मॉलमधल्या यंत्राची, तीन डॉलरची.
दाते खडबडीत, कडा बोटाला लागणारी,
कुलपात नक्की अडत असणार.
कामावर नेली. ऑरव्हिलने भुवया उंचावल्या,
सरकारी कानस खाजगी कामाला.
मी घासत राहिले,
दाता दाता, उजेडात धरून.

मग घरी येऊन दाराशेजारी खिळा ठोकला.
जोसी म्हणाली, एकाच किल्लीसाठी?
मी म्हटलं, खिळा मोठा घेतलाय.