नाणी घेत नाही

काउंटरमागच्या पोराने डबा कानाशी हलवला
आणि न उघडताच माझ्याकडे परत सरकवला.
"नोटा असतील तर बोला, मॅडम. नाणी घेत नाही."
फोर्टातल्या ह्याच गल्लीत, दोन इमारती सोडून,
बावीस वर्षं मी हेच वाक्य म्हणत होते,
बहुतेक ह्याच्याहून तुसडेपणाने.

डबा काजूचा. आत क्राकोचे ग्रॉश,
बुडापेस्टचे फोरिंट, आणि सेंट, सेंट, सेंट,
तांब्याच्या रंगाचे, कुठल्याच कामाचे नाहीत असे.

आम्ही चौघी. परकीय चलन विभाग, दुसरा मजला.
कुमुद वर्टी, नीलांबरी तोडणकर, फिलोमिना डाबरे, मी.
चार रात्री, पाच दिवस. त्याहून जास्त
ना रजा पुरायची, ना गुडघे, ना घरच्यांचा चांगुलपणा.
नीलांबरीच्या बॅगेत भडंग, कुमुदकडे मेतकूट,
फिलोकडे बॉटल मसाला, तीन पिशव्यांत बांधलेला,
तरी लिस्बनच्या लिफ्टमध्ये एका म्हातारीने
डोळे मिटून खोल श्वास घेतला
आणि आपला मजला चुकवला.

हॉटेलच्या किटलीत आम्ही भात शिजवला आहे.
क्राकोच्या चौकात बर्फ भुरभुरत होता तेव्हा
कुमुद फोनवर मुलुंडच्या सोसायटीतल्या
टाकीचं भांडण मिटवत होती, पाऊण तास,
टोपीवर पांढरा थर चढेपर्यंत.
रात्री पलंगावर मांडी घालून हिशोब.
वही माझ्याकडे. पैन् पै लागल्याशिवाय
दिवा मालवायचा नाही.

गेंटला बिनसलं.
ब्रसेल्सची गाडी चार वाजून नऊ मिनिटांची.
फिलो म्हणाली, आलेच, आणि चर्चमध्ये शिरली.
इग्नेशियसला जाऊन तेव्हा सात महिने झाले होते.
तिची मेणबत्ती विझली. दुसरी लावली.
सुटे मागायला मधेच बाहेर आली, मी दिले.
गाडी गेली.
फलाटावर मी म्हणाले,
"मेणबत्ती काय, माहीमलाही लावता आली असती."

कुणी बोललं नाही.
फिलोने भडंगाची पिशवी उघडली, दोघींना दिलं,
मलाही दिलं.
तेवढं तिने करायला नको होतं.

पाच वर्षं झाली. ग्रुपवर शेवटचा निरोप
कुमुदचा आहे: सुखरूप पोचलो.

आज बुधवार आहे हे मला बसमध्ये बसल्यावर कळलं,
असं मी स्वतःला सांगते.
माहीमला रांग पार कोपऱ्यापर्यंत,
त्यात एक पाठ फिलोसारखी, मग दुसरी,
मग सगळ्याच.
ठेल्यावर मेणाचे हात, मेणाचे पाय, एक बाळ,
एक दुमजली घर, आणि विमान.
"व्हिसासाठी का?" बाईने विचारलं.
मी मान हलवली. हो की नाही, ते तिने ठरवावं.
डब्यातलं एक युरोचं नाणं पुढे केलं.
तिने उलटसुलट पाहिलं, हसली,
"हे कुठलं? हे नाही चालत."
पन्नास रुपये दिले. आत गेले नाही.

मेचं ऊन. घरी येईतो विमानाचा पंख वाकला होता.
फ्रिजमध्ये ठेवलंय, दह्याच्या भांड्याशेजारी.
सुनेने दोनदा उघडून पाहिलं, विचारलं मात्र नाही.

मग वही काढली. शेवटचं पान, माझंच अक्षर,
टापटिपीचं, शाईसुद्धा फिकट झालेली नाही:
*फिलोकडून येणे, दोन युरो. (मेणबत्ती, दोन वेळा.)*

म्हणजे फलाटावर जे बोलले
त्यानंतर, त्याच रात्री, हे लिहिलं होतं मी.

रेघ मारून खोडलं.
खोडलं की बाजूला सही लागते, बँकेची शिस्त.
तासभर झाला, पेनाचं टोपण काढून बसले आहे.
माझी चालेल,
की तिची लागेल.