चाळिसाच्या पुढे अंधार

दोन वर्षं काटा चाळिसापर्यंतच दिसायचा.
पुढे डायल काळी.
सेकंड शिफ्ट सुटल्यावर अंबडहून घरी येताना
वेग मी आवाजावरून ओळखायचे:
साठला डावा दरवाजा गुणगुणतो,
सत्तरला आरशाला कापरं भरतं.
पाथर्डी फाट्याच्या अलीकडे
आरसा कापला की पाय आपोआप मागे.

गॅरेजवाला म्हणाला, अख्खा मीटरच बदलू ताई, साडेचार हजार.
मी रोज आठ तास दुसऱ्यांचे मीटर तपासते.
माझ्या टेबलावरून आंधळी डायल पुढे जात नाही.
म्हटलं, बघू.

भद्रकालीत शब्बीरभाईंनी पुडीत बांधून दिले
शेंगदाण्याएवढे पाच बल्ब.
"चारच लागतील. एक तुम्ही पाडणार."

रविवारी, राणेनगरच्या पार्किंगमध्ये
आधी बॅटरीची काळी वायर सोडवली,
मग स्टिअरिंगपुढचं कव्हर. चार स्क्रू.
चौथा हातातून सुटला तो गेलाच.
मीटरच्या मागे हात घालून केबलची कळ दाबायची,
दिसत काहीच नाही,
झोपलेल्या माणसाच्या खिशातून किल्ली काढावी तशी.

कांचन मोबाइलचा टॉर्च धरून उभी,
म्हणजे मेसेज वाचत; उजेड निम्मा वेळ छतावर.
गॅलरीतून देवरे सर: मिस्टर नाहीत का घरी?
आहेत की. मेथी निवडतायत.

तीन बल्ब जळून काचेआड धुरकटलेले.
चौथा चांगला होता, नुसता सैल.
नखानं पत्रा जरा उचलला, बसला.

आणि कोपऱ्यात, इंजिनाच्या चित्रामागे,
एका बल्बला काळी टेप.
तीन वेढे, टोक कात्रीनं सरळ कापलेलं,
कुठे सुरकुती नाही.
ओझरचे विभांडिक काका.
किल्लीबरोबर पेढे दिले होते,
म्हणाले होते, गाडीला काही म्हणजे काही नाही.
एवढा सफाईदार हात!
आमच्या लाइनला असता तर मी सोडला नसता.

"राहू दे ना आई. चालतेय की गाडी."
कांचनचं खरं होतं. चालत होती.
टेप निघाली, चिकटा बोटांना राहिला,
रॉकेलनंही पुरता गेला नाही.

संध्याकाळी किल्ली फिरवली.
वीस, चाळीस, साठ, थेट एकशे चाळीसपर्यंत
सगळे आकडे उभे, हिरवट, जरा लाजलेले.
गाडी सुरू झाली, बाकीचे दिवे विझले,
कोपऱ्यातलं पिवळं इंजिन तेवढं विझेना.
उद्या दाखवू कुणाला तरी.

उड्डाणपुलावर घेतली.
दरवाजा गुणगुणला. मग आरसा कापायला लागला,
नेहमीसारखा, सत्तरचा.
काटा अठ्ठावन्नवर.

दोनदा बघितलं.
कांचन हसत होती.
मुंबई नाक्याच्या वळणावर
सीटखाली कुठेतरी
चौथा स्क्रू घरंगळला.