केसांची रेघ

माझा धंदा केसांचा.
परळला इस्पितळामागे जिन्याखालची खोली,
एक आरसा, सहा लाकडी डोकी
आणि दाराला पडदा. जाड,
कारण बायका डोक्यावरचा रुमाल सोडतात तेव्हा
गल्लीतल्या मांजरालाही दिसायला नको.

निनाद चाफेकरचं ऑफिस चकाल्याला, सगळं काचेचं.
"मावशी, सिरियलवाल्यांनी टोपांच्या बिलातून कापलेला टीडीएस
पैन् पै परत आणतो. वर थोडे जास्तच."
देणगीची पावती त्याच्याकडे तयार होती,
कुठल्याशा पक्षाची, ज्याचं नाव
मी निवडणुकीतही ऐकलं नव्हतं.
परत येतील त्यातले पंधरा टक्के त्याचे.
पोर्टलवर मोबाइल नंबरही स्वतःचाच टाकणार,
"तुम्हाला उगाच कटकट नको."

मी त्याच्या कपाळाकडे बघत होते.
केसांची रेघ फार सरळ.
पॅच होता. महागातला, पण घाईत बसवलेला.
त्यात वाईट काही नाही, माझं पोट त्यावरच चालतं.
पण खरे केस असे रांगेत उगवत नाहीत,
आणि माझा धंदा तर त्याहून नाही.
चहा प्यायले. सही नाही केली.

मग तळपदेबाई.
बोरा बाजार, तिसरा मजला, लिफ्ट बंद,
खिडकीला कबुतरांसाठी जाळी
आणि जाळीच्या आत कबुतरं.
"फी साडेतीन हजार. पैसे परत मिळोत नाहीतर भरावे लागोत."
एवढंच बोलल्या, आणि माझी निळी वही उलटत राहिल्या,
जिच्यात केसांची खरेदी आणि दूधवाला
एकाच पानावर नांदतात.

"हे काय, पिवळा रुमाल, चार हजार?"
नावं नाही लिहीत, म्हटलं.
त्या सांगत नाहीत, मी विचारत नाही.
"आणि जांभळ्या रुमालापुढे शून्य?"
सतरा वर्षांची होती.
बाईंचं पेन थोडं थांबलं.
"शून्य तर शून्य. पण पिवळा धरावा लागेल.
आणि असे रोखीतले सगळेच."

धरले.
परत काही नाही, उलट
सात हजार दोनशे भरायचे निघाले.
राग आला, खोटं कशाला बोलू.
सात हजारांत माझे दोन टोप होतात.
फोनमध्ये चाफेकरचा नंबर अजून होता.

"पासवर्ड लिहून घ्या," मी म्हटलं, जरा तुसडेपणानेच.
बाईंनी पेनाला टोपण लावलं.
"तो तुमचा. मलासुद्धा सांगायचा नाही.
टाका तुम्ही."
आणि खुर्ची वळवून कबुतरांकडे बघत बसल्या,
मी एका बोटाने
एकेक अक्षर शोधेपर्यंत.

मीही अशीच बघते भिंतीकडे,
कुणी पहिल्यांदा
रुमालाची गाठ सोडत असताना.