माता-पालक सभा

चिठ्ठीत लिहिलं होतं, मातांनी वेळेवर उपस्थित राहावे.
श्रावंतीनं ती दोन दिवस दप्तरात दडवली.
तिसऱ्या दिवशी डब्याखालून निघाली,
शेंगाचटणीचं तेल लागलेली.
'तू नाही आलास तरी चालेल,' म्हणाली.
म्हणजे ये.

रात्रपाळी उतरलो, केसांतला कापूस झटकला,
थेट शाळेत.
चाळीस बाया आणि मी.
बाक तिसरीतल्या पोरांचा, माझे गुडघे हनुवटीला.

बाईंनी नाव पुकारलं. 'आहे!' म्हणालो
आणि खिडकीतली कबुतरं उडाली.
काय करू,
सतरा वर्षं मागांच्या खडखडाटात बोलतोय.
घरी नुसतं 'जेव' म्हटलं तरी तिरुपती दचकतो,
घास हातात, डोळे माझ्या तोंडाकडे.
रागावलो नाही रे, सांगतो,
तेही ओरडूनच.

'तिची आई असती तर...'
हे वाक्य साखर पेठेत सगळे सुरू करतात,
संपवत कोणीच नाही.
ती आहे. सिरसिल्ल्याला. बरी आहे म्हणे.
मेली असती तर लोकांना
ठरलेले दोन शब्द तरी सापडले असते.

गड्ड्याचे दिवस, म्हणून शेवटी हळदीकुंकू.
करंडा बाक-बाक करत माझ्यापाशी आला, थबकला.
बाईंचं बोट हळदीत तसंच.
मग त्यांनी तिळगूळ दिला, जरा जास्तच,
आणि वाण म्हणून एक नॅपकिन.
सवयीनं किनारीवरून अंगठा फिरवला.
दोन धागे सुटलेले, गाठच मारली नाही.
आमच्या कारखान्यातला नव्हे.

श्रावंती दाराबाहेर उभी.
मी तोंड उघडलं,
तेवढ्यात तिनं तळहात पालथा केला
आणि हवेतून सावकाश खाली आणला.
ही खूण तिला मीच शिकवलेली.
मागावर आम्ही हातांनीच बोलतो,
ऐकू कुणाला येतंय?

त्या रात्री सुट्टी होती. पाणी दोनला आलं,
पाचव्या दिवशी, कसंबसं.
नळाला तो नॅपकिन बांधून टोक घागरीत सोडलं,
म्हणजे धार वाजत नाही.
भरत राहिलो. घागर, पिंप, तिरुपतीची बाटलीसुद्धा.
मध्येच म्हणून पाहिलं,
'पाणी आलंय.'
दोघांतलं कोणीही हललं नाही.
पुन्हा एकदा म्हणालो.