हवेची झडप

नरसय्या दुडम बर्नरला कान लावायचा,
डॉक्टर पोराच्या पाठीला लावतो तसा.
अक्कलकोट रोडला, रंगखात्याच्या बॉयलरपाशी.
म्हणायचा, "मंट बोलते बे. आधी ऐक, मग पाना उचल."
मंट म्हणजे ज्योत, तेलुगूत.
सोलापुरात आगही दोन-तीन भाषांत जळते.

तोंड सोडून वर तरंगली, फुरफुरली : हवा जास्त.
पट्‌ करून मागे नळीत शिरली : गॅसला जोर नाही.
पिवळी, आळसट, शेंडा हलवत बसली
तर उपाशी आहे,
आता काजळी ओकणार.

तो गेला त्या वर्षी मी त्याच्या पाठीला कान लावला होता.
फुरफुर होती.
कुठली झडप फिरवायची, कळलं नाही.

आता माझ्याकडे यंत्र आहे.
धुरात नळी धरायची, आकडे येतात.
ऐकावं लागत नाही.

काल शिवगंगा हत्तुरेंकडून बोलावणं आलं.
बाळीवेशीत मागच्या खोलीत चार शेगड्या, नऊ बाया,
दिवसाला आठशे कडक भाकरी.
"तवे काळे पडतायत, आणि दुपारपर्यंत सगळ्यांची डोकी धरतात."
खिडकी बंद. का, तर वाऱ्यानं ज्योत हलते.

झडप खोलली.
आत ज्वारीचं पीठ, आणि त्यात कोळ्यानं
निवांत घर केलेलं.
तारेनं नळी साफ केली, झडप दोन दोरे उघडली,
आणि ज्योत निळी झाली, टोकदार, गप्प,
शाळेत पहिल्या बाकावर बसल्यासारखी.

"बघ की, किती स्वच्छ!"

मी नळी धरली.
डोकी धरणारा विषारी वायू खाली आला होता, बराच.
पण दुसरा आकडा चढत होता :
ज्योत जितकी तापते
तितकी ती भोवतालची साधी हवाच जाळते,
आणि त्याला ना रंग असतो इथे, ना काजळी.
पिवळीनं निदान तव्यावर सही तरी केली होती.

कोपऱ्यातली अंबव्वा, पूर्वी बिड्या वळायची,
हात न थांबवता म्हणाली,
"मग हिचा धूर कुठाय?"
आहे, म्हटलं. दिसत नाही.
"मग बिडीच बरी की. खोकला तरी सांगून यायचा."
सगळ्या हसल्या. मीही हसलो,
मग यंत्राकडे बघितलं, मग बंद खिडकीकडे.

कडी गंजलेली. पान्यानं ठोकून उघडली.
वारा आला, ज्योत कलंडली,
शिवगंगाबाई "अहो, अहो" म्हणेपर्यंत
पुन्हा उभी राहिली, तोंड न सोडता.
बाहेर कुणाचा तरी माग खटखटत होता.

झडपेवर खूण करायला खडू नव्हता.
अंबव्वानं सुनेची नेलपॉलिश काढून दिली.
लाल ठिपका. याच्या पुढे फिरवू नका, म्हटलं,
आणि खिडकी...
"कळलं," बाई म्हणाल्या, "पैसे किती?"

निघताना सवयीनं वाकलो,
शेगडीला कान लावला.
निळी काहीच बोलत नव्हती.