दोन मिलिमीटर

लॉर्न राहायला आला तेव्हा सोबत एक सूटकेस,
गुडघ्याचा पट्टा
आणि रुळांची चौदा खोकी.

अंगणात माझे रूळ आधीच होते.
म्हणजे रेइनोचे. जर्मन, पितळी, दणकट,
पंचवीस हिवाळे बर्फाखाली काढून
कपाच्या तळाला सुकलेल्या कॉफीसारखे तपकिरी पडलेले.
लॉर्नचे इंग्रजी घाटाचे, ॲल्युमिनियमचे,
बुटके, इतके हलके
की उचलले तरी हात रिकामाच वाटावा.
दोन रुळांमधलं अंतर मात्र दोघांचं एकच,
पंचेचाळीस मिलिमीटर.
तेवढ्या भांडवलावर आम्ही जूनमध्ये कामाला लागलो.

थंडर बेमधल्या जाणकारांनी नाकं मुरडली.
ऑर्विल म्हणाला, असली जोडी टिकत नाही,
ओलीत पितळ ॲल्युमिनियमला खातं.
मग माझ्याकडे बघून घाईघाईने म्हणाला,
रुळांचं बोलतोय मी.

पहिल्याच फेरीला इंजिन सांध्यापाशी आलं,
दोन मिलिमीटरच्या पायरीला ठेचकाळलं
आणि तीन डब्यांसकट ब्लूबेरीच्या झुडपात आडवं झालं.
लॉर्न म्हणाला, माझे विकून टाकतो,
सगळे एकाच कंपनीचे घेऊ.
मी काही बोलले नाही. कानस आणली.

बुटका रूळ कानशीने उंच होत नाही.
घासायचा तो उंच असलेलाच.
रेइनोच्या रुळावर एक हात मारला
आणि तपकिरीखालून
पिवळंजर्द पितळ निघालं,
खोकं उघडलं त्या दिवशीचं.
माझा हात तिथेच थांबला.
लॉर्न बुटाची नाडी बांधत होता,
बराच वेळ बांधत होता.

मग तो शेडमध्ये गेला.
छपराच्या उरलेल्या डांबरी शिंगल्स घेऊन आला,
मोठ्या कात्रीने पट्ट्या कापल्या
आणि आपल्या स्लीपरांखाली सारत गेला,
सांध्याशी दोन थर, पुढे एक,
दीड मीटरवर काहीच नाही.
वरून बोट फिरवलं तर सपाट.
खालून जो तो आपापल्या उंचीचा.

तरी इंजिन तिथे कचरायचं.

अडतीस वर्षं मी लॅबमध्ये लोकांचे दात बनवलेत.
नवा दात उंच लागतोय का, हे माणसाला नीट सांगता येत नाही,
तो नुसता म्हणतो, काहीतरी होतंय.
म्हणून दातांत निळा कागद धरायचा, चाव म्हणायचं.
जिथे उंच, तिथे निळा ठिपका.
मी सांध्यावर तसली एक पट्टी अंथरली
आणि रिकामी वाघीण हाताने ढकलली.
डाव्या रुळाच्या आतल्या कडेला
तिळाएवढा ठिपका उठला.
रेइनोच्याच रुळावर.
दोन हात मारले, फक्त दोन.
सांध्यात ग्रीस भरलं, क्लॅम्प आवळला.

सप्टेंबरात सहा वाघिणींची मालगाडी गेली.
आम्ही सौनाच्या पायरीवर टॉवेल गुंडाळून बसलो होतो.
सांध्याशी टक् झालं.
लॉर्नने विचारलं, ऐकलंस?
मी म्हटलं, नाही बाई.
तो म्हणाला, मीही नाही.

मग हिवाळा.
इथलं दव जमिनीत चार फूट उतरतं
आणि कोणालाही न विचारता तिला उचलून धरतं.
एप्रिलमध्ये बर्फ सरला तेव्हा
खडी फुगलेली, पट्ट्या बाहेर आलेल्या,
क्लॅम्पभोवती पांढरी भुकटी, ऑर्विल म्हणाला होता तशी,
आणि या खेपेला बुटकी बाजू वर,
रेइनोची खाली.

लॉर्नने गुडघ्याचा पट्टा बांधला.
मी लॅबमधली जुनी डबी काढली,
झाकण घट्ट बसलं होतं, त्याने उघडून दिलं.
निळ्या पट्ट्या मोजल्या.
एकसष्ट आहेत अजून.