एकशे सात

वणेच्या वाळूत शिवरातीची जत्रा.
माझं दुकान म्हणजे एक सतरंजी, फाटकी छत्री
आणि पायाच्या अंगठ्याला अडकवलेला दोरा.
पटवेकऱ्याचा अंगठा हाच त्याचा तिसरा हात,
बाप म्हणायचा.

डावीकडे तुळशीचे मणी. उजवीकडे वैजयंती,
ती नाल्याकाठी फुकट उगवते,
भोकही देवानंच पाडून दिलेलं,
म्हणून तिला भाव नाही.
मधे रुद्राक्ष: एका डबीत नेपाळी, दुसरीत जावाचे,
आणि तिसरी डबी.
तिच्याबद्दल कोणी विचारलं तर खरं सांगतो.
सहसा कोणी विचारत नाही.

उन्हं कलताना अंतकला भोयर आली.
पिशवीतून एसटीची जुनी तिकीटपेटी काढली,
पेटीत माळ, दोरा कुजलेला.
"भावाची हाय. हिंगणघाट डेपोत कंडक्टर होता.
गाडी रिकामी असली का माळ,
भरली का तिकिटा."

मोजले. एकशे सात.
उलटीकडून मोजले.
मेरू जागेवर, पण एकशे सातच.
"बाई, एक कमी आहे."
"मालूम हाय मले. मीनं काय मोजले नसन?"

नेपाळी लावून पाहिला:
तेरवीच्या पंगतीत लग्नाचा फेटा घालून बसल्यासारखा.
जावाचा लावला, तो फार लाल, फार नवा.
बाकीचे त्याच्या बोटांचं तेल पिऊन काळे झालेले,
नोटांचा मळही असेल त्यात, डिझेलही.

हात तिसऱ्या डबीकडे गेला
आणि मी न विचारताच बोललो:
"या बोराच्या आठोळ्या आहेत.
कानशीनं पाच रेघा पाडतो,
चहाच्या पाण्यात उकळतो."

तिनं एक उचलली.
पाण्यात टाकून पाहिली नाही,
तांब्याच्या दोन पैशांमधे धरली नाही.
सरळ तोंडात टाकली,
या गालातून त्या गालात फिरवली,
तळहातावर काढली.
"धुऱ्यावर बोर होती आमच्या. शाळा बुडवून तिथीच बसे.
आठोया गिळे गंज.
माय म्हणे, पोटात झाड उगन तुह्या."
मग म्हणाली, "हेच ओव."

"कुठे?"
"कुठीबी. मले दिसू नोको देऊ."
आणि नदीकडे तोंड करून बसली.

दोरा ओला केला, ओवत गेलो,
दर मण्यामागे एक गाठ.
अंगठा दुखेपर्यंत ती वळली नाही.

पस्तीस झाले. तिच्याजवळ तीस सुट्टे.
पेटीतून एक पिवळं तिकीट ओढलं,
माझ्या कानावरची पेन्सिल घेतली,
तिकिटामागे पाच लिहून खाली रेघ मारली,
हातात दिलं. "पुढच्या शिवरातीले घेजो."

तीन शिवराती झाल्या.
तिकीट तिसऱ्या डबीत आहे, आठोळ्यांखाली.
आणि तो मणी कुठे ओवला,
मेरूपासून कितवा,
तेव्हाही मी मोजलं नव्हतं.